घरची शाळा : वही तपासायची कोणी?

ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजला द्यायचा विषय-गुणांचा कागद, घरी कसं तयार करायचं ते या आठवड्यात सांगणार होतो, पण ते आता पुढच्या आठवड्यावर गेलं. मधे न्यू जर्सीहून एका वाचक आईचं पत्र आलं, आणि त्यातल्या प्रश्नाला दोन ओळींचं उत्तर देणं म्हणजे त्याची बोळवण करणं झालं असतं. मुलगी तिकडच्या हिशेबाने दहावीत, शिक्षण पहिल्यापासून घरी. बाईंचं स्वतःचं शिक्षण मराठी माध्यमातलं. गणित, विज्ञान निभावतं. गाडी अडते ती लेखनापाशी. मुलीचं इंग्रजी आईपेक्षा कितीतरी सफाईदार, मग तिचे निबंध आईने तपासायचे कसे? आणि कोणी तपासलेच नाहीत तर कॉलेजात तिचा निभाव कसा लागायचा? ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशा अमेरिकी आयाही हा प्रश्न इतक्याच काकुळतीने विचारतात, त्यामुळे तो केवळ मराठी घराचा नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. आईने वही तपासायची गरज नाही. उलट घरी शिकणाऱ्या मुलांचं लेखन ज्या कारणांनी खुंटतं, त्यांत आईने वही तपासणं मी पहिलं धरतो.

शाळेत बाईंनी निबंधाला कमी गुण दिले तर मूल घरी येऊन बाईंच्या नावाने बोटं मोडतं, आणि आई हळूच त्याची बाजूही घेते. घरच्या शाळेत ही सोय नाही. शिकवणारी, तपासणारी, गुण मांडणारी आणि जेवायला वाढणारी बाई एकच असते. कॉलेजप्रवेशाच्या ‘कॉमन ॲप’ अर्जात शाळेच्या समुपदेशकाने भरायचा भागसुद्धा घरी शिकलेल्या मुलांच्या बाबतीत सहसा आई किंवा वडीलच भरतात. ट्रान्सक्रिप्टही त्यांचंच. त्या सगळ्या कागदांत मुलाचा स्वतःचा आवाज ऐकू येईल असा मोठा मजकूर एकच, ६५० शब्दांच्या आतला निबंध. आता अशा घरात चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या वहीत आईने लाल रेघ मारली, तर वाक्य चुकलं एवढाच तिचा अर्थ राहत नाही. सकाळच्या भांडणाची थकबाकीही तीत वाचली जाते. कौतुकाचंही तेच. ‘छान लिहिलंस’ हे आई म्हणणारच, हे मुलीला पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्या शब्दांना किंमत उरत नाही. लेखनातला आत्मविश्वास कौतुकाने येतो हा समज सगळीकडे आहे, आणि तो मला साफ चुकीचा वाटतो. आपलं हे वाक्य उभं राहिलं आणि ते पडलं, हे दुसऱ्याला न विचारता कळू लागलं, की तो येतो. त्यासाठी घरात शिक्षकापेक्षा एक माप लागतं, आणि ते माप आई नसावी.

असं माप बेंजामिन फ्रँकलिनने स्वतःसाठी शोधलं होतं. त्याला घरी शिकलेला म्हणणं जरा ताणल्यासारखं होईल, पण दहाव्या वर्षी त्याची शाळा सुटली ती कायमची, आणि बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या, जेम्सच्या, बॉस्टनमधल्या छापखान्यात उमेदवारीला लागला. एका मित्राशी त्याचा स्त्रियांच्या शिक्षणावरून पत्रांतून वाद चालला होता. ती पत्रं एकदा वडिलांच्या हाती पडली. वडील मेणबत्त्या आणि साबण करणारे. वादात कोण बरोबर यात ते पडलेच नाहीत. तुझं शुद्धलेखन आणि विरामचिन्हं मित्रापेक्षा चांगली, पण भाषेची सफाई, मांडणी आणि स्पष्टपणा यांत तो तुझ्या पुढे आहे, असं त्यांनी सांगितलं आणि पत्रांतल्या जागा काढून दाखवल्या. या प्रकरणातलं वडिलांचं काम तिथे संपलं. पुढचं पोराने केलं. ‘स्पेक्टेटर’ या इंग्लिश नियतकालिकाचा एक सुटा खंड, तिसरा, त्याच्या हाती आला होता. त्यातला आवडलेला लेख घ्यायचा, प्रत्येक वाक्यातल्या विचाराची त्रोटक टिपणं करायची, काही दिवस ती बाजूला ठेवायची, आणि मग पुस्तक न उघडता टिपणांवरून पूर्ण लेख आपल्या शब्दांत उभा करायचा. तो मुळाशी ताडून पाहायचा आणि आपल्या चुका आपणच दुरुस्त करायच्या. शब्द अपुरे पडतात असं दिसल्यावर त्याने गोष्टींची पद्यं केली आणि मूळ गद्य विसरल्यावर त्यांचं पुन्हा गद्य केलं. कधी टिपणांचा क्रम मुद्दाम मोडून टाकला आणि काही आठवड्यांनी तो नव्याने लावला. आत्मचरित्रात तो सांगतो की क्वचित एखाद्या बारक्या जागी आपलं मुळापेक्षा बरं उतरलं असं त्याला वाटे, आणि त्यातून आपण पुढेमागे बऱ्यापैकी लेखक होऊ अशी उमेद येई. ही उमेद त्याला कोणी दिली नव्हती. ताडून पाहताना ती त्याची त्याला सापडली.

हे मराठीत करून पाहू. समजा मूळ वाक्य असं आहे : ‘पहिली सर कोसळली की कौलं शाकारणाऱ्या गड्यांची तारांबळ उडते, कारण महिनाभर त्यांची आठवण न झालेलं अख्खं गाव त्यांना एकाच सकाळी बोलावू लागतं.’ टिपण तीन शब्दांचं : पाऊस, गडी, एकदम. चार दिवसांनी मुलगी लिहिते : ‘गावातले सगळे लोक एकाच सकाळी बोलावतात म्हणून पाऊस आल्यावर गड्यांची खूप धावपळ होते.’ व्याकरण बरोबर आहे, लाल पेनाला इथे काही काम नाही. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली की मात्र तिचं तिलाच दिसतं : कारण आधी सांगून टाकल्याने वाक्यात वाट पाहायला काही उरलं नाही, ‘खूप धावपळ’ या दोन शब्दांनी ‘तारांबळ’चं काम झालेलं नाही, आणि महिनाभर विसरलेल्या गावाची गंमत वाटेतच सांडली. हे समजायला आईची भाषा मुलीपेक्षा वरचढ असावी लागत नाही. न्यू जर्सीच्या बाईंना माझं उत्तर म्हणून एवढंच, की मूळ लेख चांगला निवडा आणि ताडून झाल्यावर मुलीला काय दिसलं ते तिच्या तोंडून ऐका. अमेरिकेतल्या घरच्या शाळांत अँड्र्यू पुडेवा यांचा जो लेखन-अभ्यासक्रम बराच चालतो, त्याची पहिली पायरीही हीच : एका वाक्याला जास्तीत जास्त तीन शब्द, मग मूळ बाजूला ठेवून त्या शब्दांवरून परिच्छेद. पुढे मात्र त्यात प्रत्येक परिच्छेदात अमुक प्रकारचं क्रियाविशेषण हवं, तमुक प्रकारचं उपवाक्य हवं अशी यादी येते आणि मूल यादीतल्या खुणा भरू लागतं. ती यादी मी दुसऱ्याच वर्षी काढून टाकेन.

नक्कल करून मुलाचा स्वतःचा आवाज मरणार नाही का, असं लगेच विचारलं जातं. आक्षेप वजनदार आहे, कारण नुसते नमुने वाचायला दिल्याने फारसं साधत नाही याला पुरावा आहे. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली कार्नेगी संस्थेसाठी चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरच्या प्रयोगांचं एकत्रित गणित मांडलं. त्यात उत्तम नमुन्यांच्या अभ्यासाच्या परिणामाचा आकडा (जितका मोठा तितका फायदा, उणे म्हणजे तोटा) फक्त ०.२५ निघाला. सारांश लिहायला शिकवण्याचा आणि योजना, मसुदा, दुरुस्ती यांच्या पद्धती शिकवण्याचा परिणाम प्रत्येकी ०.८२, मिळून लिहिण्याचा ०.७५. आणि सुट्या व्याकरणपाठांचा? उणे ०.३२. हे सगळे प्रयोग शाळांमधले, त्यामुळे आकडे घराला जसेच्या तसे लावू नयेत. तरी फ्रँकलिनची पद्धत कोणत्या रकान्यात बसते ते पाहा. ती नमुना वाचणं नाही. आधी सारांश आहे, नंतर मसुदा, नंतर दुरुस्ती. आवाजाचं म्हणाल तर जिथे जिथे आपलं मुळापासून सुटतं आणि तरी सोडवत नाही, तिथेच तो पहिल्यांदा दिसतो. हल्ली दुसरा आक्षेप असा येतो की संगणक क्षणात सगळं दुरुस्त करून देतो, मग ही यातायात कशाला? संगणक दुरुस्त करून देतो म्हणूनच. दोन वाक्यं शेजारी ठेवून फरक शोधण्याचा जो भाग मुलाने करायचा, नेमका तोच तो उरकून टाकतो.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला एक मोठा पंथ आहे. पीटर एल्बो यांचं शिक्षकांवाचून लेखन करण्याबद्दलचं पुस्तक १९७३चं. दहा मिनिटं हात न थांबवता लिहा, खोडू नका, मागे वळून पाहू नका. ज्युली बोगार्ट यांनी ‘ब्रेव्ह रायटर’ या लेखन-उपक्रमातून ते घरी शिकवणाऱ्या आयांपर्यंत नेलं. लहान मूल बोलतं आहे तेच आईने भराभरा उतरून घ्यावं, ही त्यांची सूचना मला फार आवडते. कोऱ्या कागदाला घाबरलेल्या मुलाला याहून चांगला उपाय माझ्या माहितीत नाही. पण भीती गेल्यावर पुढे काय? न थांबता लिहिलेल्या पानांचा गठ्ठा वाढतो, एकाही पानाकडे कोणी परत जात नाही, आणि सतरा वर्षांचा मुलगा ‘मला लिहायला आवडतं’ म्हणत तीन पानांचा युक्तिवाद उभा करू शकत नाही. जे कधी पुन्हा लिहिलं नाही त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही, स्वतःचाही नाही.

माप मिळालं तरी अर्धंच काम झालं. वाचणारा हवा, आणि तो घराबाहेरचा हवा. फ्रँकलिनकडेच पुन्हा पाहा. १७२२ साली, सोळाव्या वर्षी, त्याने ‘सायलेन्स डूगुड’ नावाच्या मध्यमवयीन विधवेच्या मुखवट्याने लेख लिहिला आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवला. सकाळी भावाच्या लेखक मित्रांनी तो वाचला, बेंजामिनच्या देखतच वाखाणला, आणि लेखक कोण असावा म्हणून गावातल्या विद्वानांची नावं घेतली. अशी १४ पत्रं छापून आली. भावाला लेखक कोण हे ठाऊक असतं तर त्या कौतुकाला काडीची किंमत नसती. जेन ऑस्टेनची गोष्ट वरवर उलटी वाटते. तिची शाळा अकराव्या वर्षाच्या सुमारास संपली आणि किशोरवयातल्या तीन वह्यांचे वाचक म्हणजे घरचेच. पण तिच्या भोवती भाऊ, बहीण, चुलत-आतेभावंडं असा गोतावळा होता. तुकडे त्यांना अर्पण केलेले असत आणि ते मोठ्याने वाचले जात. १७९०च्या एका नकलेच्या नावातच स्पेलिंग चुकलेलं आहे. हसू आलं की नाही एवढीच तिथली परीक्षा. एका मुलाच्या आजच्या घरात असा गोतावळा कुठून आणायचा?

घरच्या शिक्षणाचा पुरस्कर्ता जॉन होल्ट याला ही अडचण कळली होती असं मला वाटतं. त्याने बॉस्टनहून १९७७ साली ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केलं. ते २००१पर्यंत चाललं आणि त्यात पालकांबरोबर मुलांचीही पत्रं छापली जात. आपण लिहिलेलं शेकडो मैलांवरचं कोणी वाचतं, त्याला उत्तर देतं, हे त्या मुलांना मिळालं. पेनसिल्व्हेनिया राज्याने तर, नकळत का होईना, कायद्यातच एक वाचक घालून दिला आहे. १९८८च्या कायद्याप्रमाणे घरच्या शाळेने वाचलेल्या पुस्तकांच्या नावांसह नोंदवही आणि मुलाच्या लेखनाचे नमुने ठेवायचे आणि वर्षातून एकदा पात्र मूल्यमापकाने ते पाहून मुलाशी बोलायचं. तिथले पालक या कायद्याच्या नावाने खडे फोडतात आणि कागदपत्रांची कटकट खरी आहे. पण बाहेरचा माणूस वही उघडून ‘हे तू का लिहिलंस?’ विचारतो, ही कटकट म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नव्हे.

तुम्ही म्हणाल, फ्रँकलिन आणि ऑस्टेन म्हणजे लाखांत एक. त्यांच्यावरून नियम कसा काढता? अगदी बरोबर, काढू नये. सामान्य मुलांचे आकडे द्यावेत तर त्यांतही खोट आहे. १९९८च्या रडनर यांच्या गाजलेल्या पाहणीत घरी शिकणाऱ्या २०,७६० मुलांचे गुण सरासरीच्या बरेच वर निघाले, पण ती स्वतःहून पुढे आलेल्या कुटुंबांची मुलं होती आणि यावरून घर-शाळा तुलना करू नका असं रडनर यांनीच बजावलं होतं. शिवाय त्या पर्यायी उत्तरांच्या चाचण्या. त्यांत खुणा करायच्या, परिच्छेद लिहायचा नाही. कॉलेजप्रवेशाच्या सॅट परीक्षेत २००५ साली आलेला निबंधही २०१६ला ऐच्छिक झाला आणि २०२१ला गेला. म्हणून मी फ्रँकलिनच्या यशाचा दाखला देत नाही, पद्धतीचा देतो. तिला प्रतिभा लागत नाही, चिकाटी लागते. माँटानातल्या क्रिस्टोफर पाओलिनीचं उदाहरण लोक हमखास काढतात : पंधराव्या वर्षी पत्रद्वारा शिक्षण पुरं, मग ‘एरागॉन’ ही कादंबरी, आईवडिलांनी घरून छापलेली आवृत्ती, २००३मध्ये मोठा प्रकाशक. त्यात मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की पहिला खर्डा त्याला स्वतःलाच पसंत पडला नाही आणि तो लिहायला लागला होता जवळपास तेवढाच काळ त्याने तो पुन्हा लिहिण्यात घातला.

तेव्हा बाई, लाल पेन ठेवून द्या. आठवड्याला एक परिच्छेद फ्रँकलिनच्या रीतीने पुरे. महिन्यातून एकदा मुलीचं काहीतरी घराबाहेर जाऊ द्या : स्थानिक वर्तमानपत्राला पत्र, ग्रंथालयाच्या वाचनगटात एक टिपण, मराठी मंडळाच्या अंकासाठी एक पान, पुण्या-नागपूरच्या आत्याला पुस्तकाविषयी लांबलचक पत्र. आत्याने मात्र उलट वाद घातला पाहिजे, नुसतं ‘शाब्बास’ चालणार नाही. कोणाच्या घरी असा काही पत्रव्यवहार चालू असेल तर त्याची रीत मला जरूर कळवा. ट्रान्सक्रिप्ट पुढच्या आठवड्यात, नमुन्यासकट.