गोटुल नावाची शाळा

‘गोटुल’ हा शब्द आपण शहरवासीयांनी ऐकलेला असतो तो बहुधा नाचगाण्याच्या संदर्भात. व्हेरिअर एल्विन यांनी 1947 साली बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावर ग्रंथ लिहिला, आणि तरुण-तरुणींचे रात्रघर हेच त्याचे चित्र बाहेर रूढ झाले. गडचिरोलीच्या अरण्यात मात्र गोटुल म्हणजे गावाची बैठक. तेथे निवाडे होतात, सण ठरतात आणि थोरांचे ऐकत लहान शहाणे होतात. या संस्थेचा आद्य प्रवर्तक म्हणून गोंडी परंपरा पहांदी पारी कुपार लिंगोला वंदन करते. लिंगोला सन-शक नाही. त्याची गाथा मुखोद्गत चालत आली. नागपूरचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांच्या संग्रहातील तिचा एक पाठ, त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 साली छापला गेला.

या लिंगोच्या गोटुलाचे नाव 2019 साली एका शाळेने धारण केले. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’ सुरू केले. शिक्षणाचे माध्यम गोंडी. गरज उघड होती. घरी पाण्याला ‘येर’ म्हणणारे सहा वर्षांचे मूल वर्गात ‘पाणी’ ऐकून गप्प बसते, आणि आपण त्याला मंद म्हणून मोकळे होतो!

2022 साली शिक्षण खात्याने ही शाळा अनधिकृत ठरविली. ग्रामसभेने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागितली. येथे कायदा दोन्हीकडे आहे. 2009 चा शिक्षणहक्क कायदा सांगतो की मान्यतेवाचून शाळा चालवू नये. राज्यघटनेत 1956 साली घातलेले कलम 350-अ सांगते की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यासाठी राज्याने झटावे. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांहून अधिक होते. तरीही ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही.

मुलांची मोजदाद, शिक्षकांची पात्रता, इमारत यांची तपासणी सरकारने अवश्य करावी. परंतु मराठी शाळेसाठी जिवाचे रान करणाऱ्या आपण मराठी माणसांना तरी मातृभाषेचे मोल पुन्हा समजावून सांगावे लागू नये. आपल्या मुलाला जे हवे, तेच मोहगावच्या मुलाला हवे आहे.