कोऱ्या डांबरावरचे तीन दिवस

28 ऑक्टोबर 2011, शुक्रवार. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर फॉर्म्युला वनच्या गाड्या पहिल्यांदा सरावाला उतरल्या आणि एक भटका कुत्रा ट्रॅकवर आल्यामुळे सत्र मध्येच थांबवावं लागलं. त्या दिवसाचा विषय निघाला की अजूनही लोकांना तो कुत्राच आठवतो. मला मात्र आठवते ती गाड्यांच्या मागे उडणारी धूळ. त्या शर्यतीची खरी कसोटी त्या धुळीत होती.

नवा ट्रॅक दिसतो गुळगुळीत, पण त्याला पकड नसते. कोऱ्या डांबरावर तेलकटपणा असतो आणि आजूबाजूच्या बांधकामाची, शेतांची माती वाऱ्याबरोबर येऊन बसते. गाड्या फिरू लागल्या की टायर झिजतात आणि त्यांच्या रबराचा पातळ थर डांबरावर बसत जातो. त्या थरावर पुढची गाडी अधिक घट्ट चिकटते. पण हा थर बसतो फक्त चालक ज्या वाटेने जातात त्या अरुंद पट्ट्यावर. त्याच्या बाजूला हातभर सरकलं की पुन्हा धूळ. तापलेला टायर ती धूळ उचलतो आणि पुढची एक-दोन वळणं गाडी निसटत राहते. पुढच्याला मागे टाकायचं तर वाट सोडावी लागते आणि वाट सोडली की टायर मळतात. नव्या ट्रॅकवर चालकाला सर्वांत जास्त छळतो तो हाच पेच.

बुद्ध सर्किटवर हा पेच आणखी बोचरा होता. 5.125 किलोमीटर लांबीचा आणि 16 वळणांचा हा ट्रॅक आखला जर्मनीच्या हेर्मान टिल्के यांनी. गाड्यांना एकमेकींशेजारी शिरता यावं म्हणून त्यांनी तिसऱ्या वळणाचं तोंड मुद्दाम रुंद ठेवलं. कागदावर ही कल्पना फार सुंदर आहे. पण ज्या रुंदीवरून कुणी जातच नाही, तिथली धूळ झाडणार कोण?

हे तिसरं वळण चढावर आहे. आत शिरताना पलीकडचं नीट दिसत नाही. तिथून सुटलं की किलोमीटरभराची सरळ वाट, जिच्या शेवटी वेग ताशी 320 किलोमीटरच्या आसपास जातो. इथे संघांचे इंजिनिअर अडतात. सरळ वाटेसाठी विंग, म्हणजे गाडीचा पंख, जवळजवळ आडवा, कमी कोनात हवा. म्हणजे हवेचा अडथळा कमी होतो. पण उरलेला अर्धा ट्रॅक वेगवान वळणांचा, आणि तिथे तोच विंग उभा असेल तरच गाडी जमिनीला दाबून राहते. दहाव्या-अकराव्या वळणाचा लांबलचक उजवा वळसा तर संपता संपत नाही. सगळा भार डाव्या बाजूच्या टायरांवर येतो आणि तो उतरायच्या आत पुढचं वळण समोर उभं राहतं. जुन्या ट्रॅकवर अशा वेळी मागच्या वर्षीच्या नोंदींच्या वह्या कामी येतात. इथे वह्याच नव्हत्या. चालक सिम्युलेटरवर शेकडो फेऱ्या मारून आले होते, पण धूळ किती असेल, पकड कधी येईल, हे सिम्युलेटर सांगत नाही.

कर्बचंही तेच. वळण कापून कुणी आतून जाऊ नये म्हणून कडेला नारिंगी रंगाचे उंचवटे बसवले होते. किती आत गेलेलं चालतं, हे शिकण्याची किंमत फेलिपे मासाने मोजली. पात्रता फेरीत अशाच उंचवट्यावर चाक चढलं आणि त्याच्या फेरारीचं पुढचं सस्पेन्शन मोडलं. रविवारी शर्यतीत पुन्हा कर्बवर पुढचं सस्पेन्शन मोडलं आणि त्याची शर्यत तिथेच संपली. मासासारखा मुरलेला चालक दोन दिवसांत दोनदा फसतो, तेव्हा नवा ट्रॅक किती निष्ठुर असतो ते कळतं.

घरच्या मैदानाचा फायदाही कुणाला नव्हता. नारायण कार्तिकेयन एचआरटी संघाच्या गाडीतून शर्यतीत उतरला, करुण चंढोकला लोटसने शुक्रवारच्या सरावापुरती गाडी दिली. पण ट्रॅक त्या दोघा भारतीयांनाही इतरांइतकाच अनोळखी. ताफ्यातल्या सर्वांत संथ गाड्यांपैकी एक हाकत नारायण सतरावा आला. त्या गाडीत ती मोठीच कामगिरी होती.

ट्रॅक मात्र तासागणिक बदलत होता. शुक्रवारी पहिल्या सत्रात सर्वांत वेगवान वेळ होती 1 मिनिट 26.836 सेकंद, शनिवारी पोल, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीची सर्वांत पुढची जागा, मिळवताना सेबास्टियन फेटलने 1 मिनिट 24.178 नोंदवली. यात हलक्या इंधनाचा आणि मऊ टायरांचा वाटा आहेच, पण मोठा वाटा रबराच्या त्या काळ्या पट्ट्याचा. रविवारी फेटल पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत आघाडीवर राहिला आणि आपली सर्वांत वेगवान फेरी त्याने काढली ती साठावी, म्हणजे अगदी शेवटची.

2013 पर्यंत संघांकडे दोन वर्षांच्या वह्या जमल्या होत्या. त्या वर्षी मऊ टायर फार लवकर मरतात हे ओळखून रेड बुल संघाने आपल्या आघाडीवरच्या फेटलला दुसऱ्याच फेरीअखेर पिटमध्ये बोलावलं. तो बराच मागे फेकला गेला आणि तरीही जिंकला. चौथं विश्वविजेतेपदही त्याला तिथेच मिळालं. करांच्या वादात अडकलेली ही शर्यत त्यानंतर पुन्हा झाली नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये त्याच डांबरावर मोटोजीपीच्या मोटरसायकली आल्या. त्यांच्यासाठी ट्रॅक पुन्हा कोराच होता आणि या वेळी धुळीच्या जोडीला उकाडाही होता. 24 फेऱ्यांची शर्यत 21 वर आणावी लागली. मार्को बेझेक्की जिंकला. दुसरा आलेला होर्खे मार्टिन उतरल्यावर खुर्चीत कोसळला आणि लोक त्याला गार करण्यासाठी धावले.