आजारी कासवाचे पिल्लू शाळेत येते तेव्हा

देवळाच्या सभामंडपातील दगडी कासव खेड्यातील प्रत्येक मुलाच्या परिचयाचे असते. जिवंत कासवाविषयी मात्र त्यास फारसे ठाऊक नसते. घरात कासव असले म्हणजे लक्ष्मी नांदते, या समजुतीने शहरातून एखादे पिल्लू आणले जाते, पत्र्याच्या डब्यात किंवा काचेच्या भांड्यात ठेवले जाते, आणि काही महिन्यांनी ते मलूल झाले म्हणजे घरातील मूल ते दप्तरात घालून गुरुजींकडे किंवा बाईंकडे घेऊन येते. अशा वेळी काय करावे, आणि त्याहूनही काय करू नये, हे शिक्षकांस माहीत असणे इष्ट होय.

प्रथम पिल्लाचे पाय पाहावेत. बोटांमध्ये पडदा असेल तर ते पाण्यातील कासव समजावे. पाय हत्तीच्या पायासारखे ठोकळ असून काळसर पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असतील, तर ते तारांकित कासव होय. विकले जाणारे पिल्लू पुष्कळदा याच जातीचे असते. गुजरात, राजस्थान, आंध्र, कर्नाटक, तामिळनाडू व श्रीलंका येथील कोरड्या झुडपी माळरानावर हा प्राणी राहतो आणि गवत, पाने, फुले, फळे यांवर जगतो. दूधभात, पाव, बिस्किटे हे त्याचे अन्न नव्हे.

पाठ बोटाने हलकेच दाबली असता ती दबत असेल, तर आजार बहुधा हाडांचा असतो. अगदी नवजात पिल्लाची पाठ काहीशी लवचीक असतेच. परंतु अनेक महिन्यांच्या पिल्लाची तशी असू नये. कासवाची पाठ हे अंगावर चढविलेले घर आहे, अशी मुलांची कल्पना असते. वस्तुतः त्याचा कणा व फासळ्या त्या कवचात एकजीव झालेल्या असतात. कवच मऊ पडणे म्हणजे सांगाडाच मऊ पडणे. मुलांना होणारा मुडदूस आणि हा विकार यांचे मूळ एकच. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अंगावर पडल्याशिवाय ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि त्यावाचून अन्नातील कॅल्शियम अंगी लागत नाही. हे किरण साध्या काचेतून फारसे पार होत नाहीत. म्हणून खिडकीपाशी काचेच्या भांड्यात ठेवलेले पिल्लू उजेडात असूनही उपाशीच राहते, असे म्हणावे लागेल.

उपचाराचा क्रम लक्षात ठेवावा: आधी ऊब, मग पाणी, शेवटी अन्न. कासवाच्या अंगात स्वतःची उष्णता नसते. थंड पडलेल्या पिल्लाच्या पोटात अन्न पचत नाही, ते सडते. यास्तव चोच उघडून अन्न कोंबणे हा सर्वांत घातक मायाळूपणा होय. पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरडे गवत पसरून एका टोकास दिवा टांगावा. वीज नसल्यास कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी. शाळेतील तापमापक खोक्यात ठेवला असता त्या टोकास २८ ते ३२ अंश सेल्सिअस दिसले पाहिजे. दुसरे टोक थंड राहू द्यावे, म्हणजे पिल्लू आपली जागा आपण निवडते. त्यानंतर उथळ ताटलीत, मान वर राहील इतक्याच कोमट पाण्यात, ते पंधरा मिनिटे ठेवावे. बहुधा ते तेथे पाणी पिते व पांढरा लगदा टाकते. हे सुचिन्ह होय. पिल्लू हालचाल करू लागले म्हणजे कोवळी हरळी, शेवग्याचा पाला किंवा जास्वंदीचे फूल पुढे ठेवावे व त्यावर समुद्रफेसाची चिमूटभर पूड भुरभुरावी. सकाळचे कोवळे ऊन द्यावे, परंतु अर्ध्या खोक्यावर सावली हवीच. पत्र्याचा डबा उन्हात ठेवल्यास पिल्लू थोड्याच वेळात भाजून मरते.

पिल्लू पाण्यातील असल्यास त्यास ओलसर फडक्यावर ठेवावे. दुबळे असताना खोल पाण्यात सोडू नये. नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून व मान ताणून श्वास घेणे, ही फुप्फुसाच्या विकाराची लक्षणे होत. कासवास आपल्यासारखा श्वासपटल नसतो. त्यास नीट खोकता येत नाही व कफ आतच राहतो. येथे घरगुती उपाय चालत नाही. पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. गुरांच्या गोचिडांवर व कृमींवर वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवास प्राणघातक आहे, हे विशेष लक्षात असावे.

कासव निरोगी दिसले तरी त्याच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेत याच कारणास्तव १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीस बंदी घालण्यात आली. मुलांनी पाहावे, हाताळू नये. आणि हात लागलाच तर साबणाने धुवावा. ताटली पुन्हा मध्यान्ह भोजनाच्या भांड्यांत मिसळू देऊ नये.

ही शुश्रूषा एका-दोन दिवसांपुरतीच. तारांकित कासवास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ यातील २०२२ च्या सुधारणेने पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आहे. ते घरी किंवा शाळेत पाळता येत नाही. पाण्यातील देशी कासवेही कायद्याने संरक्षित आहेत. वनरक्षकास त्याच दिवशी कळवावे व पालकांस शांतपणे सर्व समजावून सांगावे. मुलास मात्र पोलिसांची भीती घालू नये. एकदा घाबरलेले मूल पुढच्या वेळी आजारी पिल्लू दप्तरात न आणता विहिरीत टाकते, आणि तारांकित कासवास पोहता येत नाही.

पिल्लू वनरक्षकाच्या स्वाधीन करताना ते किती दिवस घरी होते, काय खात होते, आणि किराणा दुकानातील काट्यावर त्याचे वजन किती भरले, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. ती चिठ्ठी त्या मुलाकडूनच लिहून घ्यावी. बाकीच्यांपेक्षा त्यास अधिक ठाऊक असते.