शर्यतीच्या इंजिनातील झडपभंग : निदान व पुनर्बांधणी

गोंदिया तालुक्यातील मुर्रीसारख्या धानाच्या गावी पाणी उपसणारे डिझेल इंजिन आणि शर्यतीच्या मोटारीचे इंजिन यांची झडपयंत्रणा तत्त्वतः एकच होय. पहिले मिनिटास सुमारे १५०० फेरे घेते. दुसरे ९००० वा त्याहून अधिक. झडपेचे जडत्वबल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे झडपेचे वजन व उचल तीच धरल्यास सहापट वेगाला ते छत्तीसपट होते. स्प्रिंग त्यास पुरी पडली नाही, की झडप कॅमपासून सुटते व वर येणाऱ्या दट्ट्यावर आदळते. ही मर्यादा ओलांडण्यासाठी रेनॉने १९८६ मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनात स्प्रिंगऐवजी दाबयुक्त वायू योजिला.

केवळ मोडकी झडप बदलणे व्यर्थ होय. झडप बहुधा सर्वांत शेवटी मोडते. सर्वच दट्ट्यांच्या माथ्यांवर झडपांचे ठसे असल्यास इंजिन वेगमर्यादेपलीकडे गेले असावे, किंवा कॅमची साखळी सरकली असावी. ठसा एकाच सिलिंडरात असल्यास संशय तेथील स्प्रिंग, लॉक वा गाइड यांवर घ्यावा. भग्नपृष्ठावरील शिंपल्यासारख्या वक्ररेषा धातूचा शिणवटा दर्शवितात. तुकडे घासून स्वच्छ करण्याची घाई हा पुरावाच नष्ट करते.

पुनर्बांधणीत तेलमार्ग व बेअरिंगे उघडावीच लागतात, कारण धातूचा चुरा तेथवर पोहोचलेला असतो. प्रत्येक स्प्रिंगचे बल बसविलेल्या उंचीवर मोजावे. अखेरीस दट्ट्याच्या माथ्यावर मऊ माती लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवितात. आगमझडपेखालील मातीचा थर सुमारे २ मिलिमीटरहून पातळ निघाल्यास जुळणी सामान्यतः पुन्हा उकलावी लागते.