मुदतीची मागणी

लखनौच्या पूर्वेस, गोमतीनगरात, उर्वशी साहनी यांनी २००३ साली ‘प्रेरणा’ ही गरीब मुलींची शाळा काढली. ती दुपारी भरते, कारण कित्येक विद्यार्थिनींची सकाळ परक्या घरची धुणीभांडी करण्यात जाते. येथे मुली वर्तुळ करून बसतात, घरात ठरू घातलेल्या लग्नांविषयी मोकळेपणाने बोलतात, आणि बापासमोर काय व कसे बोलावे याची जणू रंगीत तालीमच करतात. कायद्याने वधूचे वय १८ ठरविले असले, तरी आईबापांवर फिर्याद गुदरणे कोणत्या मुलीला रुचेल? लहानपणी लावून दिलेले लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंनी १८८०च्या दशकात कोर्टात झुंज दिली, तेव्हा निदान सुरुवातीला तरी सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन पाठीशी होते. येथे तर वडिलांचेच मन वळवायचे! म्हणून शहाणी मुलगी साफ नकार न देता मुदत मागते: ‘‘बाबूजी, दहावी तेवढी होऊ द्या.’’ आणि घरखर्चाला हातभार लावणाऱ्या लेकीचा शब्द, माझ्या मते, बापालाही सहजासहजी डावलता येत नाही.