खेळ तोच, वाट वेगळी

१९०४ साली अमेरिकेतील सेंट लुईसच्या ऑलिंपिकमध्ये जॉर्ज आयसर या जिम्नॅस्टने एका दिवसात सहा पदके जिंकली. त्यांतली तीन सुवर्ण होती. आयसरचा डावा पाय लाकडी होता. एक सुवर्ण पंचवीस फूट दोर चढण्याचे. तिथे भिस्त हातांवर असते, हे समजू शकते. पण दुसरे सुवर्ण लाकडी घोड्यावरून मारायच्या उडीचे होते! त्याच्यासाठी वेगळा गट नव्हता.

हे आठवायचे कारण घरचे आहे. माझ्या स्वमग्न भाच्याला एका व्यायामशाळेने तिसऱ्या दिवशी परत पाठवले. ‘हा ऐकतच नाही’, ही तक्रार. खरे तर एका दमात दिलेल्या पाच सूचनांपैकी पहिलीच त्याच्या हाती लागे. अशा मुलाला एका वेळी एकच सूचना द्यावी, रोजचा क्रम तोच ठेवावा, कसरतीचे टप्पे चित्रांनी भिंतीवर लावावेत आणि अंगाला हात लावण्याआधी सांगावे.

अंध मुलांची अडचण निराळी. आपले बहुतेक शिक्षण ‘मी करतो तसे कर’ या चार शब्दांवर चालते आणि तेच तिथे निरुपयोगी ठरते. मात्र आपला मल्लखांब मुळात स्पर्शाचा खेळ आहे. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांत दोरी धरतात. ती पकड डोळ्यांना नव्हे, बोटांना कळावी लागते. प्रशिक्षकाने स्वतःची पकड मुलाला हाताने चाचपू द्यावी, मग त्याची पकड लावून द्यावी. ‘इथे’, ‘असे’ हे शब्द टाळून ‘उजवा गुडघा दोरीच्या डावीकडे’ असे नेमके बोलावे.

वाट बदलायची म्हणजे धोका विसरायचा, असे नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतील वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. त्यांना कोलांटी किंवा शीर्षासन शिकवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला हवाच. कोणती कसरत करायची नाही, हे ठरवणे हाही शिकवण्याचाच भाग आहे. पण तो निर्णय त्या मुलाची तपासणी करून घ्यावा; त्याच्या व्यंगाचे नाव ऐकून नव्हे.

‘याला जमणार नाही’ असे म्हणताना आपण किती पद्धतींनी शिकवून पाहिले, हे एकदा मोजावे. भाच्याच्या बाबतीत ते उत्तर ‘एक’ असे होते.