फिजीच्या गावात उतरण्याआधी

शिडाच्या बोटीने फिजीत पोहोचलात, की सुवा, लौटोका किंवा सावुसावु अशा एखाद्या प्रवेश-बंदरात कस्टम्स आणि इमिग्रेशनचे सोपस्कार आधी उरकावे लागतात. पण बाहेरच्या बेटांवर खरी परवानगी लागते ती गावाची.

गावासमोर नांगर टाकला, की पोहणं, मासेमारी, भटकंती सगळं बाजूला ठेवून आधी गावप्रमुखाकडे जायचं आणि ‘सेवुसेवु’ करायचं, म्हणजे कावाच्या वाळलेल्या मुळांची जुडी अर्पण करायची. कावा ही आपल्या नागवेलीच्या आणि मिरीच्याच कुळातली वनस्पती. साधारण अर्ध्या किलोची, कागदात गुंडाळून बांधलेली जुडी बंदरावरच्या बाजारात मिळते. ती हातात द्यायची नसते. चटईवर मांडी घालून बसायचं आणि समोर ठेवायची. ती स्वीकारली गेली, की तुम्ही गावचे पाहुणे. मग बहुधा मुळांची पूड लाकडी परातीत पाण्यात कालवली जाते आणि करवंटी फिरू लागते. एक टाळी वाजवून ‘बुला’ म्हणायचं, एका दमात प्यायचं, मग तीन टाळ्या. जीभ जरा बधिर होते, घाबरू नका.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. टोपी, गॉगल काढावा, पाठीवरची सॅकही हातात धरावी.

हा पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नव्हे. समोरच्या प्रवाळावर आणि मासळीवर त्या गावाचा परंपरागत हक्क आहे, म्हणून ही रीत. तेव्हा कावाची जुडी घेतल्याशिवाय बंदर सोडू नका.